गुणपत्रिका, नशीब आणि पुरुषार्थ
(पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षे हा कोणत्याही संस्थेच्या आयुष्यातील गौरवाचा टप्पा असतो. या काळात एक पिढी कार्य उभे करते, दुसरी ते सांभाळते आणि तिसरी शाळेच्या बाकावर बसून मोठी होत असते. पुढील पन्नास वर्षांचा कारभार ज्यांच्या हाती जाणार आहे, ती मुले-मुली आज आठवी ते बारावीच्या वर्गांत शिकत आहेत. त्यांना किती गुण मिळाले याची चर्चा घरोघरी होते. ते गुण आपल्याला का मिळाले असे त्यांना स्वतःला वाटते, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

दहावीचा निकाल लागला की शेवगावच्या पेठेत दिवसभर एकच प्रश्न फिरतो, "किती टक्के पडले?" गुण कमी असोत वा जास्त, मुलाच्या मनात त्या वेळी दुसरा प्रश्न उभा असतो, "असे का झाले?" त्याचे उत्तर तो कोणाला सांगत नाही, पण मनाशी पक्के करून ठेवतो. "गणितात माझे डोकेच चालत नाही" हे एक उत्तर. "अभ्यास कमी पडला" हे दुसरे. "पेपरच अवघड होता" हे तिसरे आणि "नशिबात नव्हते" हे चौथे. बर्नार्ड वायनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात यशापयशाच्या कारणांची नेमकी हीच चार घरे मांडली : बुद्धी, प्रयत्न, कामाची काठिण्यपातळी आणि नशीब. पहिली दोन कारणे माणसाच्या आतील आहेत, शेवटची दोन बाहेरील. परंतु बुद्धी ही जन्मतः ठरलेली व अचल वस्तू आहे असे मानले, तर ते कारण आतील असूनही आपल्या हातातले राहत नाही. चारांपैकी प्रयत्न हेच असे कारण आहे, जे आपले आहे आणि उद्यापासून बदलताही येते.

वायनर यांच्या आधी, १९६६ साली, ज्युलियन रॉटर यांनी हाच विचार वेगळ्या बाजूने मांडला होता. आपल्या आयुष्याची सूत्रे आपल्याकडे आहेत असे काही जण मानतात. ती दैवाच्या, परिस्थितीच्या किंवा बलवान माणसांच्या हाती आहेत असे इतर काही मानतात. बहुतेक माणसे या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतात. माणूस कोठे आहे हे मोजण्यासाठी रॉटर यांनी प्रश्नावलीही तयार केली. त्याच वर्षी जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली झालेली अमेरिकेतील सहा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. शाळेची इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांचा विद्यार्थ्यांच्या यशाशी जेवढा संबंध दिसला, त्याहून अधिक संबंध "माझ्या भवितव्यावर माझा काही ताबा आहे" या विश्वासाचा दिसला. वंचित समाजातील मुलांच्या बाबतीत तर हे विशेषत्वाने आढळले. अर्थात विश्वासामुळे यश मिळते तसे यशामुळे विश्वासही वाढतो. हे चाक दोन्ही बाजूंनी फिरते, म्हणून एका पाहणीवरून सारे श्रेय विश्वासालाच देणे योग्य होणार नाही. तथापि जे चाक फिरवायचे आहे त्याला हात कोठे लावायचा, एवढे त्यातून समजते.

येथे जैन घरांत एक शंका निर्माण होणे स्वाभाविक आहे. आपण कर्मसिद्धांत मानतो. ज्ञानावरणीय कर्माचा उदय असेल तर मुलाला विद्या कशी यावी? अनेक वडीलधारी मंडळी सांत्वन म्हणून मुलाला हेच सांगतात, "जाऊ दे बेटा, कर्माचा उदय आहे." त्यामागील माया खरी असते. पण ऐकणारे मूल त्यातून वेगळाच अर्थ घेते : आता काही करण्यात अर्थ नाही.

हा अर्थ जिनवाणीला मान्य आहे काय, याचे उत्तर उपासकदशांग सूत्रात आहे. पोलासपूर नगरातील सद्दालपुत्त हा धनाढ्य कुंभार गोशालकाच्या आजीवक मताचा उपासक होता. जे घडते ते नियतीने ठरलेलेच असते, पुरुषार्थ म्हणून काही नाही, असे तो मानत असे. भगवान महावीरांनी उन्हात वाळत घातलेली त्याची मडकी पाहून त्याला विचारले, ही प्रयत्नाने तयार झाली की प्रयत्नाविना? आपल्या मताला धरून तो म्हणाला, प्रयत्नाविना. सर्व नियत आहे. तेव्हा भगवंतांनी पुन्हा विचारले, कोणी तुझी मडकी चोरली किंवा फोडली, तुझी पत्नी अग्निमित्रा हिच्याशी गैरवर्तन केले, तर तू काय करशील? तो म्हणाला, त्याला धरून शिक्षा करीन. यावर भगवंतांचे म्हणणे असे, की सर्व काही नियतच असेल तर त्या माणसाचा अपराध तो कोणता? आणि अपराध असेल, तर पुरुषार्थ नाही हे तुझे म्हणणे खोटे ठरते. सद्दालपुत्ताला बोध झाला आणि तो श्रमणोपासक बनला.

कर्मसिद्धांत आणि दैववाद या दोन भिन्न गोष्टी आहेत. कर्म हे आपणच बांधलेले असते. निकाचित कर्माचा अपवाद सोडला, तर त्याची स्थिती व तीव्रता कमी होऊ शकते, त्याचे संक्रमण होऊ शकते, ते वेळेआधी उदयास आणून खपवताही येते, असे कर्मग्रंथ सांगतात. ज्ञानावरणीय कर्माचा तर क्षयोपशम सांगितला आहे आणि स्वाध्याय व विनय ही त्याची साधने सांगितली आहेत. आपले कर्म निकाचित आहे, हे चौदा वर्षांच्या मुलाला किंवा त्याच्या वडिलांना कोणत्या ज्ञानाने कळले? ते कळत नाही, तोवर पुरुषार्थ थांबवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आचार्य सिद्धसेन दिवाकर यांनी सन्मतितर्कात काल, स्वभाव, नियती, पूर्वकृत कर्म आणि पुरुषार्थ या पाच कारणांचा विचार केला आहे. यांपैकी एकालाच धरून बसणे हे मिथ्यात्व आणि पाचांचा समवाय मानणे हे सम्यक्त्व, असा त्यांचा निर्णय आहे. वायनर यांची चार घरे आणि हा पाच समवाय शेजारी ठेवून पाहिले, तर आपल्या आचार्यांनी हा प्रश्न किती बारकाईने हाताळला होता हे ध्यानात येते.

आता विषयाच्या दुसऱ्या आणि अधिक नाजूक भागाकडे वळले पाहिजे. यशापयशाची ही उत्तरे मुलगा आणि मुलगी सारखीच देतात काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत २०२४ साली ९७.२१ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, तर मुले ९४.५६ टक्के. २०२५ साली मुली ९६.१४ टक्के आणि मुले ९२.३१ टक्के. मुलींनी बाजी मारली, हा मथळा वृत्तपत्रे वर्षानुवर्षे छापत आली आहेत. गणिताबद्दल म्हणावे, तर जॅनेट हाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली अमेरिकेतील सत्तर लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे गुण तपासले आणि मुले व मुली यांच्या सरासरीत दखल घेण्याजोगा फरक त्यांना दिसला नाही. असे असूनही आपल्या देशातील आयआयटी संस्थांत २०१६ च्या सुमारास प्रवेश घेणाऱ्यांत मुलींचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी होते. त्यामुळे २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा निर्माण कराव्या लागल्या. दहावीला पुढे असलेली मुलगी त्या दारापर्यंत पोहोचेपर्यंत मागे कशी पडते? क्लासचा खर्च, बाहेरगावी ठेवण्याची भीती, लग्नाचे वय ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या जोडीला एक अदृश्य कारण आहे. मुलीच्या मनात "हे माझे क्षेत्र नाही" हा समज फार लवकर रुजतो.

किती लवकर? २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच वर्षांच्या मुली आणि मुले, दोघेही "फार फार हुशार" व्यक्ती म्हणून आपापल्या बाजूच्या माणसाकडे बोट दाखवत होते. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये मात्र हे प्रमाण मुलांहून कमी झाले. शाळेत चांगले गुण मुलींनाच मिळतात, हे त्याच मुली मान्य करत होत्या. म्हणजे गुण मुलीचे आणि हुशारी मुलाची, अशी वाटणी त्या कोवळ्या वयातच होऊन जाते.

ही वाटणी कोण करते? कॅरोल ड्वेक आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली वर्गातील शिक्षकांचे बोलणे नोंदवले. मुलांना बोलणी बसत ती बरीचशी गडबडीबद्दल, अस्वच्छ लिखाणाबद्दल, लक्ष नसल्याबद्दल. मुलींना दोष दिला जाई तो बहुतांशी उत्तर चुकले म्हणून. मुलाचे अपयश शिक्षक आळसाच्या खात्यात टाकत. परिणामी मुलगा शिकला : मी मनावर घेतले तर जमेल. मुलगी शिकली : मी तर मन लावून केले, तरीही चुकले, म्हणजे माझ्यातच काही कमी आहे. तो अभ्यास अमेरिकेतील आणि जुना आहे. पण आपल्या घरातील वाक्ये आठवून पाहावीत. मुलाला कमी गुण पडले की "हुशार आहे हो, फक्त बसत नाही एका जागी" आणि मुलीला जास्त पडले की "मेहनती आहे बिचारी, घोकून घोकून करते". दोन्ही वाक्ये प्रेमाने बोलली जातात. पहिल्याने मुलाचे अपयश झाकले जाते आणि दुसऱ्याने मुलीचे यश लहान होते.

यात नुकसान केवळ मुलीचेच होते असे नाही. "हुशार पण अभ्यास न करणारा" हा लौकिक मुलाला सोयीचा वाटू लागतो. अभ्यास करूनही गुण कमी आले तर हुशारीचा भ्रम मोडेल, या भीतीने तो अभ्यासच टाळतो. त्यात "काही झाले तरी दुकान आहेच" हा आधार घरातून मिळतो. व्यापार सांभाळणे हे प्रतिष्ठेचेच काम आहे. परंतु दुकान हे अभ्यास सोडण्याचे निमित्त ठरले, तर त्या मुलाने ना विद्येचा पुरुषार्थ केला, ना व्यापाराचा. निकालात मुले मागे पडत आहेत, त्यात या समजुतीचाही वाटा असू शकतो.

समज बदलता येतो, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यात सरपंचपदाचे महिला-आरक्षण चिठ्ठ्या टाकावी तसे गावोगाव फिरत असे. तेथील ४९५ गावांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्या गावांत दोन वेळा महिला प्रमुख झाली, तेथे मुलगा-मुलगी यांच्याविषयीच्या आकांक्षांमधील अंतर पालकांमध्ये सुमारे २० टक्क्यांनी आणि किशोरवयीनांमध्ये ३२ टक्क्यांनी कमी झाले. शिक्षणातील दोघांमधील तफावतही तेथे नाहीशी झाली. गावात नवीन शाळा उघडल्या म्हणून हे झाले नव्हते. मुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी एक स्त्री गावाचा कारभार करताना रोज पाहिली, एवढेच घडले होते.

आपल्या परंपरेत तर हा प्रश्न पडूच नये. भगवान ऋषभदेवांनी आपल्या कन्या ब्राह्मी आणि सुंदरी यांना स्वतः शिकवले. ब्राह्मीला लिपी दिली आणि सुंदरीला अंकविद्या. या युगातील पहिला गणिताचा पाठ एका पित्याने आपल्या मुलीला दिला, असे आपण मानतो. त्याच परंपरेतील घरात "मुलींना गणित जमत नाही" हे वाक्य उच्चारले जावे, याहून मोठी विसंगती कोणती?

याला एक गंभीर बाजूही आहे. ज्ञानावरणीय कर्म कशाने बांधले जाते, हे तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहे. ज्ञानाचा द्वेष, मत्सर, ज्ञानाची आशातना आणि दुसऱ्याच्या ज्ञानप्राप्तीत अंतराय आणणे ही त्याची कारणे होत. मुलीची शिकण्याची इच्छा असता, घरची ऐपत असता, केवळ ती मुलगी आहे म्हणून जो तिचे शिक्षण थांबवतो, तो तिच्या कर्माचा उदय घडवत नसतो. तो स्वतःचे कर्म बांधत असतो. हा विचार प्रत्येक पालकाने सामायिकात बसून एकदा अवश्य करावा.

येथे सावधगिरीची दुसरी बाजू सांगणे आवश्यक आहे. "सर्व काही तुझ्याच हाती आहे" हे वाक्यही पूर्ण सत्य नाही, आणि ते किशोरवयीन मनावर फार जड पडते. सर्व माझ्या हाती असेल तर अपयशही सर्वस्वी माझेच, असा त्याचा अर्थ मूल लावते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. या सर्वांचे कारण परीक्षा होते असे नाही, आणि आत्महत्येमागे एकच कारण क्वचितच असते. परंतु निकालाचा दिवस काही घरांत धोक्याचा असतो, हे विसरता येणार नाही. त्या दिवशी मुलाला एकटे सोडू नये, तुलना करू नये आणि मूल फार गप्प झाले, जगण्याविषयी निराशेचे बोलू लागले, तर डॉक्टरांचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये. पुरुषार्थ हा पाच कारणांपैकी एक आहे. तो सोडणे जसे मिथ्यात्व, तसे बाकीची चार विसरून मुलाला दोषी धरणे हेही एकांतच.

हा समतोल शेवगाव परिसरातील माणसाला नवा नाही. येथील कपाशी उत्पादकाला पाऊस आपल्या हाती नाही हे पुरते ठाऊक असते. म्हणून तो पेरणी टाळत नाही, निंदणी-खुरपणी सोडत नाही. पाऊस दगा देऊन गेला तर तो स्वतःला नालायक ठरवत नाही आणि पीक चांगले आले तर आपल्या कष्टाला "योगायोग" म्हणत नाही. आपल्या व्यापारी घरांतही दिवाळीला रोजमेळ आणि खतावणी पाहिली जाते. तोटा दिसला तर कोणता शहाणा व्यापारी "मला धंद्याची अक्कलच नाही" म्हणून दुकान बंद करत नाही. उधारी कोठे अडकली, माल कोणत्या भावाने भरला, हंगाम कसा गेला, हे तो ओळीओळीने पाहतो. जे हातातले आहे ते पुढच्या वर्षी सुधारतो. मुलाची गुणपत्रिका याच रीतीने वाचावी. बीजगणितात गुण गेले की भूमितीत? येत असून वेळ पुरला नाही की मुळात समजलेच नव्हते? किती दिवस आधी सुरुवात केली होती? आणि हीच चौकशी यश मिळाल्यावरही करावी, म्हणजे मुलीला आपले यश नशिबाच्या खात्यावर टाकण्याची संधी राहणार नाही.

प्रयत्नाने बुद्धी वाढते हे मुलांना शिकवण्याचा किती उपयोग होतो, याची मोठी परीक्षा अमेरिकेत नववीच्या सुमारे बारा हजार विद्यार्थ्यांवर झाली आणि २०१९ साली तिचे निष्कर्ष आले. तासाभराहूनही कमी वेळाच्या पाठाने मागे असलेल्या विद्यार्थ्यांचे गुण वाढले, पण वाढ अल्प होती. यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, समज बदलतो आणि त्याचा परिणाम दिसतो. दोन, नुसत्या उपदेशाने डोंगर हलत नाही. "प्रयत्न कर" म्हणणाऱ्याने प्रयत्न कसा करायचा तेही दाखवले पाहिजे. मुलीला अभ्यासासाठी स्वतंत्र जागा आणि सलग दोन तास मिळाले पाहिजेत. स्वयंपाकघरातील मदत हवी असेल तर ती भावाकडूनही मागितली पाहिजे. गणिताची शिकवणी लावायची तर दोघांना लावली पाहिजे.

बाहेरचे दार बंद असते तेव्हा पुरुषार्थ काय करतो, याचे उदाहरण कमला सोहोनी यांचे आहे. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना स्त्री म्हणून प्रथम प्रवेश नाकारला गेला. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन होते. कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही. अखेर एक वर्षाच्या परीक्षणाच्या अटीवर त्यांना घेतले गेले. नकार त्यांच्या हातात नव्हता, त्या वर्षातील काम त्यांच्या हातात होते. ते काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि त्या संस्थेचे दार पुढे इतर मुलींनाही उघडले. कमलाबाईंनी १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

आपल्या भूमीतील उदाहरण तर सर्वांच्या श्रद्धेचे आहे. शेजारच्या पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी येथे १९०० साली जन्मलेल्या आणि १९१३ साली मिरी येथे, किशोरवयातच, दीक्षा घेतलेल्या आचार्य आनंदऋषीजी महाराजांनी संस्कृत, प्राकृत आणि अनेक भाषा अखंड परिश्रमाने आत्मसात केल्या. त्यांच्या प्रेरणेने पाथर्डीला धार्मिक परीक्षा बोर्ड उभे राहिले. त्या बोर्डाच्या परीक्षांना साध्वी आणि श्राविकाही बसत आल्या आहेत. ज्ञानाच्या बाबतीत स्त्री-पुरुष भेद न मानण्याचा हा वारसा शेवगावपासून काही कोसांवरच आहे.

शेवटी माषतुष मुनींचे स्मरण करावे. त्यांना एक छोटेसे वचन पाठ होत नव्हते. राग करू नकोस आणि हुरळून जाऊ नकोस, एवढाच त्याचा आशय. वर्षानुवर्षे ते चुकीचेच घोकत राहिले, लोक हसले, तरी त्यांनी ना गुरूला दोष दिला, ना नशिबाला, ना स्वतःला मंदबुद्धी म्हणून घोकणे सोडले. पाठांतर अखेरपर्यंत शुद्ध झाले नाही. ज्ञानावरणाचा मात्र समूळ क्षय झाला आणि त्यांना केवलज्ञान प्राप्त झाले. गुण आणि ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या कथेइतके स्पष्ट क्वचितच कोणी सांगितले असेल.

येत्या निकालाच्या दिवशी प्रत्येक घरात टक्केवारी विचारली जाईलच. त्यानंतरचे पहिले वाक्य काय असावे, हे मात्र पालकांनी आजच ठरवून ठेवावे. ते मुलासाठी आणि मुलीसाठी एकच असावे : "काय तुझ्या हातात होते आणि काय नव्हते, ते आपण दोघे बसून पाहू. जे हातात आहे, ते पुढच्या वर्षी करू."

जय जिनेंद्र!